उतरायला अवघड: त्रिकोणी पंखांची गोष्ट

हवाई संरक्षणाच्या तोफेवर नोकरी केलेल्या माणसाने जेवढी टार्गेट विमानं पाहिलेली असतात, तेवढी खरी लढाऊ विमानं जवळून पाहिलेली नसतात. ओडिशातलं गोपाळपूर हे आमच्या आर्मी एअर डिफेन्सचं माहेर. १९८९ पर्यंत ते माहेर आपल्या नाशिकजवळ देवळालीला होतं, मग समुद्रकाठी गेलं, कारण विमानावर गोळे टाकायचे तर खाली माणूस नसलेला प्रदेश लागतो. अशा रेंजवर क्षितिजावरून एक ठिपका येतो, तोफा त्याच्या मागे फिरतात, आणि फायरिंग संपलं की सगळ्यांचं लक्ष धावसंख्येवर. तो ठिपका होता कसा, उडाला कसा आणि परत आला कसा, हे फारसं कुणी विचारत नाही.

मी विचारायचो. जगभरच्या हवाई संरक्षणवाल्यांना ओळखीचं असलेलं एक टार्गेट म्हणजे ब्रिटिश 'बॅन्शी'. १९८० च्या दशकात आलेलं, रेडिओवर चालणारं, शेपटीचे आडवे पंख नसलेलं, त्रिकोणी पंखांचं विमान. सुरुवातीला त्याला मागे ढकलणारा पंखा आणि छोटं पिस्टन इंजिन होतं. पुढे त्याच सांगाड्यात छोटी जेट टर्बाइनं बसवली गेली. म्हणजे शौकीन मंडळी घरच्या गॅरेजमध्ये बनवतात ते टर्बाइनचं डेल्टा मॉडेल आणि सैन्यांनी गोळ्या घालण्यासाठी विकत घेतलेलं हे विमान, दोघं सख्खे चुलतभाऊ. फरक एकच, पण मोठा. बॅन्शी धावपट्टीवर उतरतच नाही. कॅटापल्टवरून फेकायचं, काम झालं की पॅराशूट उघडून खाली आणायचं. मैदानात नेऊन वापरायच्या वस्तूला ते सोयीचंच आहे. पण त्यामुळे डेल्टा विमानाचा सगळ्यात अवघड धडा त्याला गिरवावाच लागला नाही. तो धडा म्हणजे उतरणं. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी त्रिकोण कशासाठी, ते. आवाजाच्या वेगाजवळ गेलं की सरळ पंखापुढे हवा दाटते आणि विरोध एकदम वाढतो. पंखाची पुढची कडा मागे झुकवली तर हा त्रास पुढे ढकलता येतो. पण लांब, पातळ, मागे झुकलेला पंख पिळला जातो, वाकतो. त्रिकोण केला की हे दुखणं मिटतं. पंखाचं मूळ लांबच लांब, त्यामुळे पातळ असूनही आत मजबुती आणि इंधनाला जागा मिळते. बांधायला सोपं आणि वजनाला हलकं. शेपटीचा आडवा पंखही काढून टाकता येतो, कारण मागच्या कडेवरचे हलते पत्रे, ज्यांना एलेव्हॉन म्हणतात, तेच नाक वर-खाली करतात आणि तेच विमान कुशीवर वळवतात.

किंमत मोजावी लागते ती वेग कमी करताना. नेहमीचं विमान उतरताना फ्लॅप खाली सोडतं आणि जास्त उचल मिळवतं. शेपूट नसलेल्या डेल्टाने मागची कडा खाली केली तर नाकच खाली जातं, आणि ते सावरायला मागे काहीच नाही. म्हणून डेल्टा उतरतो नाक वर करून, छाती काढून. नाक वर केलं की आणखी एक गोष्ट घडते. तीक्ष्ण कडेवरून हवा सुटते आणि पंखाच्या वरच्या अंगाला दोन भोवरे तयार होतात. या भोवऱ्यांखाली दाब कमी होतो आणि विमानाला जादा उचल मिळते. सरळ पंख ज्या कोनात कधीच हात टेकतो, त्या कोनात डेल्टा तरंगत राहतो. पण विरोध भयंकर वाढतो. एका मर्यादेनंतर तर जितकं हळू उडावं तितका जास्त थ्रॉटल लागतो. सायकलवाल्याला हे उलटं वाटेल, वैमानिकाला ते पोटात कळतं. नाक आकाशाकडे, इंजिन जोरात, आणि तरी विमान लिफ्टसारखं खाली बसतंय.

या भोवऱ्यांची ओळख पटली ती एका लाकडी ग्लायडरमुळे. अलेक्झांडर लिपिश हा जर्मन अभियंता १९२० च्या दशकापासून बिनशेपटीच्या विमानांच्या मागे लागला होता. १९३१ साली त्याचं 'डेल्टा १' बर्लिनमध्ये लोकांसमोर उडालं. महायुद्धाच्या शेवटी डार्मश्टाट आणि म्युनिकच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या कल्पनेवरून एक ग्लायडर बांधायला घेतला. दोन शहरांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं डीएम-१. पुढची कडा ६० अंश मागे झुकलेली, पंख जाड, कडा गोलसर. तो पुरा व्हायच्या आत अमेरिकन फौजा पोचल्या. त्यांनी तो मोडीत काढला नाही, पुरा करवून घेतला, जहाजात घातला आणि १९४६ साली व्हर्जिनियातल्या लँगलीच्या प्रचंड पवनबोगद्यात उभा केला. पहिले आकडे निराशाजनक आले, उचल अपेक्षेपेक्षा बरीच कमी. मग कुणीतरी पुढच्या कडेला धारदार पट्टी लावून पाहिली. उचल वाढली. धार लावल्यामुळे हवा कडेवरून ठरल्या जागी सुटत होती आणि भोवरा नीट बांधला जात होता. शत्रूकडून जप्त केलेला, एकदाही न उडालेला ग्लायडर, आणि त्याच्या कडेला लावलेली पट्टी! पुढच्या पिढ्यांच्या लढाऊ विमानांनी ज्यावर गुजराण केली, ती गोष्ट अशी हाती लागली.

दोन वर्षांत, १९४८ च्या सप्टेंबरमध्ये, कॉन्व्हेअर कंपनीचं एक्सएफ-९२ए उडालं. जेट इंजिनावरचं ते पहिलं डेल्टा विमान.

ब्रिटनमध्ये अॅव्हरो कंपनी तेव्हा व्हल्कन नावाचं अवाढव्य डेल्टा बॉम्बर विमान आखत होती. एवढं मोठं त्रिकोणी विमान कसं वागेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी सुमारे एक तृतीयांश मापाचं छोटं विमान बांधलं, अॅव्हरो ७०७. आत माणूस बसणारं, पण हेतूने मॉडेलच. ४ सप्टेंबर १९४९ ला ते पहिल्यांदा उडालं. ३० सप्टेंबरला ते कोसळलं आणि चाचणी वैमानिक एरिक एस्लर मारला गेला. पहिल्या उड्डाणापासून चार आठवडेही झाले नव्हते. कंपनी थांबली नाही. वर्षभरात सुधारित ७०७बी उडालं, आणि डेल्टा कमी वेगात कसा वागतो याचा अभ्यास त्यावर झाला. खरा व्हल्कन ३० ऑगस्ट १९५२ ला रोली फॉक याने उडवला. तरी काम संपलं नव्हतं. उंचावर वेग आणि वळण एकत्र आलं की पंख थरथरायचा. उपाय म्हणून पुढच्या कडेला एक मोड देऊन बाहेरचा भाग पुढे आणला आणि किंचित खाली झुकवला. तो नवा आकारही आधी छोट्या ७०७ वर तपासला गेला. व्हल्कनचे फोटो नीट पाहिलेत तर पुढची कडा सरळ नाही, तिला कोपर आहे, हे लक्षात येईल. त्या कोपराच्या मागे हे छोटं विमान उभं आहे. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला खरा शहाणपणा इथे आहे: मोठ्याची चूक लहानावर करून घ्यायची. पण लहानातही माणूस बसलेला असतो, हे एस्लरच्या नावासकट लक्षात ठेवावं.

माणूस न बसवता शिकायचा मार्ग कॅनडाने घेतला. अॅव्हरो कॅनडाच्या 'अॅरो' या डेल्टा इंटरसेप्टरची सुमारे एक अष्टमांश मापाची मॉडेलं नायकी बूस्टरवर बसवून १९५० च्या दशकात डागली गेली, बहुतेक ऑन्टारिओ सरोवरावर. आमच्या लोकांना नायकी हे नाव विमानविरोधी क्षेपणास्त्र म्हणून ठाऊक. इथे तेच बूस्टर विमानाचा जन्म सुकर करत होतं. मॉडेलमधली यंत्रं रेडिओवरून आकडे पाठवायची आणि मॉडेल तळाला जायचं. २० फेब्रुवारी १९५९ ला सरकारने अॅरो रद्द केलं. पाण्याखालच्या मॉडेलांचा शोध या शतकात पुन्हा सुरू झाला, आणि २०१८ साली त्यातलं एक जुनं डेल्टा चाचणी मॉडेल वर काढलं गेलं.

अमेरिकेच्या वायएफ-१०२ चा किस्सा वेगळ्या दुखण्याचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९५३ साली उडालेलं हे डेल्टा सपाट उड्डाणात आवाजाचा वेग ओलांडेना. रिचर्ड व्हिटकॉम्बच्या नियमाप्रमाणे धडाला कमर दिली, शेपटीशी फुगवटे लावले, आणि डिसेंबर १९५४ मध्ये सुधारलेलं विमान वेग ओलांडून गेलं.

उतरण्याच्या प्रश्नावर सर्वांत निवांत अभ्यास झाला तो कॉन्कॉर्डसाठी. हँडली पेजचं एचपी-११५ नावाचं एक बारकुळं विमान १९६१ साली उडालं. पंख जवळपास ७५ अंश मागे झुकलेला, आणि काम एकच, हळू उडून दाखवणं. चंद्रावर जाऊन आलेल्या नील आर्मस्ट्राँगनेही १९७० साली ते उडवून पाहिलं. दुसरीकडे, पीटर ट्विसने १० मार्च १९५६ ला ज्या फेअरी डेल्टा २ विमानावर ताशी १००० मैलांची मर्यादा ओलांडून जागतिक विक्रम केला होता, त्याच विमानाचे पंख बदलून कॉन्कॉर्डच्या धाटणीचे केले गेले. नवं नाव बीएसी-२२१, उड्डाण १९६४. विक्रमी विमानाला करवत लावायची हिंमत हवी! फेअरीचं नाक उतरताना खाली वाकायचं, कारण छाती काढून उतरणाऱ्या वैमानिकाला पुढची पट्टीच दिसत नाही. कॉन्कॉर्डचं वाकणारं नाक आपण सगळ्यांनी चित्रात पाहिलंय. त्याचं कारण तेच.

आता आपल्या घरी येऊ.

भारतीय हवाई दलात १९६३ साली चंदीगडला मिग-२१ आलं. हे शेपूटवालं डेल्टा. पंख त्रिकोणी, पण मागे आडवे पंखही होते, त्यामुळे फ्लॅप वापरता यायचे. तरीही पातळ छोट्या पंखामुळे उतरतानाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वरच. म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. पुढच्या काही आवृत्त्यांत इंजिनातली दाबाची हवा फ्लॅपवर फुंकायची युक्ती आली. हवा पंखाला चिकटून राहायची आणि वेग थोडा कमी करता यायचा. पण मग थ्रॉटल मागे ओढला की फुंकणंही कमी व्हायचं आणि उचल हातातून सुटायची. म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत इंजिन जोरात ठेवूनच यावं लागे. ओझरच्या कारखान्यात शेकडो मिग बांधले गेले. नाशिककडच्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही.

या विमानाला 'उडती शवपेटी' म्हणायची फॅशन होती. मला ती कधीच आवडली नाही. ज्यांनी त्यावर १९७१ लढलं त्यांना विचारा. अडचण होती ती शिडीची. मंद, सरळमार्गी प्रशिक्षण विमानांवरून कोवळा वैमानिक एकदम या वेगावर यायचा. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षक विमान हवं, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ साली केली. हॉक विमानं बिदरला दाखल झाली २००८ मध्ये. मधली सव्वीस वर्षं किती घरांनी मोजली, ते आपल्यातल्या अनेकांना नावानिशी माहीत आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडलाच मिग-२१ ला निरोप दिला गेला.

थ्रॉटल आणि उतरणं यांचं हे नातं मला पुस्तकात कळलं नाही. ते कळलं मध्य भारतातल्या एका पोस्टिंगवर, आमच्या वर्कशॉपमधल्या ईएमईच्या एका हवालदाराच्या मॉडेलवर. केरळचा गडी, हात सोन्याचा. सुट्टीच्या दिवशी, रीतसर परवानगी काढून, एका जुन्या वापरात नसलेल्या पट्टीवर तो मॉडेल उडवायचा. विमान त्याचं स्वतःचं. बाल्सा, प्लायवूड आणि फायबरग्लास, आत कार्बनच्या नळ्या. पंखांचा पसारा १४० सेंटिमीटर, पंखाचं मूळ १२० सेंटिमीटर. गणित केलंत तर कडा ६० अंशांच्या जवळ येते. डीएम-१ चाच कोन, त्याला ठाऊक नसताना.

पहिलं वर्ष ते मागे पंखा लावलेल्या इलेक्ट्रिक मोटरवर उडालं आणि छान उतरायचं. मग त्याने बऱ्याच महिन्यांची बचत घालून एक वापरलेलं छोटं टर्बाइन घेतलं, ८० न्यूटन रेट्याचं, म्हणजे साधारण आठ किलो वजन उभं उचलेल एवढं.

या छोट्या टर्बाइनांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. ब्रिटनमध्ये जेरी जॅकमन यांच्या गटाने १९८३ साली गॅस टर्बाइनवर मॉडेल उडवलं. फ्रान्सच्या जेपीएक्स कंपनीची प्रोपेनवरची इंजिनं आली. पण घरात बनवता येईल असं इंजिन दिलं ते जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी. त्यांच्या एफडी-३ इंजिनात हवा दाबणारं चाक प्लायवूडचं होतं, वरून कार्बनचे धागे गुंडाळलेले. जेट इंजिनात लाकूड! पुढे थॉमस कॅम्प्स आणि हेसूस आर्तेस यांच्या आद्याक्षरांचं केजे-६६ आलं. त्यातलं ६६ म्हणजे मोटारीच्या टर्बोचार्जरमधून घेतलेल्या चाकाचा मिलिमीटरमधला व्यास. आज बाजारात मिळणारी इंजिनं याच वंशातली. मिनिटाला लाखाच्या वर फेरे, इंधन म्हणून केरोसीन, आणि त्यातच थोडं टर्बाइन तेल मिसळलेलं, कारण बेअरिंगला वंगण तिथूनच मिळतं.

हवालदाराचं पहिलं काम वजन सांभाळण्याचं. साध्या त्रिकोणी पंखाचा हिशेब असा: उचलीचा तोल मुळाच्या लांबीच्या जवळपास मध्यावर येतो, म्हणजे इथे टोकापासून ६० सेंटिमीटरवर. विमानाचा गुरुत्वमध्य त्याच्या चार ते आठ सेंटिमीटर पुढे हवा. मागे गेला तर विमान हातात राहत नाही, फार पुढे गेला तर नाक वर उचलायला एलेव्हॉन खूप वर करावे लागतात आणि ते उलट पंखालाच खाली दाबतात. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरी उडताना हलकी होत नाही. टर्बाइनला मिनिटाला पाव लिटरहून जास्त केरोसीन लागतं. दोन-अडीच लिटरच्या टाकीत सात-आठ मिनिटं, आणि तेवढ्यात दीड-दोन किलो वजन गायब. म्हणून टाकी नेमकी गुरुत्वमध्यावर आणली. त्यासाठी दोन आडवे रिब कापून नव्या जागी बसवावे लागले. मागे शेकडो अंशांचा झोत, म्हणून दुहेरी पत्र्याची नळी आणि मधून खेळती हवा. पुढचं चाक थोडं लांब केलं, कारण डेल्टाला पट्टीवरून नाक उचलायलाच जोर लागतो. आधीच थोडं वर असेल तर बरं.

उडालं पहिल्याच दिवशी. आवाज ऐकून लंगरमधली पोरं बाहेर आली. उतरवताना मात्र गंमत संपली. हवालदार सवयीने थ्रॉटल बंद करून आला, विमान मंद झालं, नाक वर, आणि खाली बसायला लागलं. त्याने थ्रॉटल दिला. मोटर असती तर त्याच क्षणी ओढ मिळाली असती. टर्बाइन आरामाच्या फेऱ्यांवरून पूर्ण जोरावर यायला चार-पाच सेकंद घेतं. तेवढ्यात विमान ६०-७० मीटर पुढे आणि जमिनीवर. पट्टीच्या अलीकडच्या गवतात बसलं, चाकाचा पाय मोडला. तो उचलून आणताना म्हणाला, "साब, ये उतरता नहीं, बैठ जाता है।"

सांगाडा तोच, पंख तोच, वजनही फार बदललं नव्हतं. बदललं होतं ते उत्तर द्यायला लागणारं अंतर.

पुढचे दोन महिने त्याने जे केलं ते पाहताना मला पन्नास-साठ वर्षांचा इतिहास एका टेबलावर मांडल्यासारखा वाटला. एलेव्हॉन शांत अवस्थेतच दोन-तीन मिलिमीटर वर ठेवले. मुळाजवळच्या पुढच्या कडेला फायबरची धारदार पट्टी चिकटवली. डीएम-१ ची गोष्ट त्याला मी सांगितली होती, पण पट्टीची लांबी त्याने स्वतः कमी-जास्त करून ठरवली. लोकरीचे छोटे धागे पंखावर चिकटवून, उतरतानाचा व्हिडिओ काढून, भोवरा कुठे फिरतो ते पाहिलं. धागे एका रेषेत उलटे फिरताना दिसले तेव्हा तो अर्धा तास तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होता. आणि सर्वांत महत्त्वाचं, उतरतानाचा थ्रॉटल. रेडिओवर त्याने एक बटण लावलं, ज्याने इंजिनाचे किमान फेरे उतरताना चढेच राहतील. पट्टी पायाखाली येईपर्यंत ते सोडायचं नाही. फ्लॅपवर हवा फुंकणाऱ्या मिगचा वैमानिक वेगळ्या कारणाने का होईना, हेच करत होता: इंजिन जोरात ठेवा, थ्रॉटल शेवटी.

मग त्याने एक जायरो बसवला, आगपेटीएवढा. विमान डुगडुगलं की तो आपोआप एलेव्हॉन हलवून सावरतो. हा छोटा डबा म्हणजे आधुनिक डेल्टाची किल्ली आहे. फ्रान्सने १९५० च्या दशकात मिराज-३ बनवलं, मग मधे शेपूटवालं मिराज एफ-१ केलं, आणि १९७८ साली मिराज-२००० च्या रूपाने पुन्हा शुद्ध डेल्टाकडे वळले. का? कारण आता संगणक प्रत्येक क्षणी विमान सावरू शकत होता. म्हणून गुरुत्वमध्य मुद्दाम मागे नेता आला. गुरुत्वमध्य मागे असला की तोल राखायला एलेव्हॉन वर नाही, खाली करावे लागतात, आणि मग ते पंखाला दाबण्याऐवजी उचलतात. डेल्टाचं जुनं वैगुण्यच फिरवून टाकलं. १९८५ साली हीच विमानं ग्वाल्हेरला आली, आणि १९९९ च्या जूनमध्ये टायगर हिलवर त्यांनी काय केलं, ते कारगिलला गेलेल्या वाचकांना मी सांगायची गरज नाही.

आपलं तेजस याच वाटेचं. ४ जानेवारी २००१ ला बंगळुरूत विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ते पहिल्यांदा उडवलं. शेपूट नाही, चौपदरी संगणकीय नियंत्रण, आणि पुढच्या कडेला मोड असलेला डेल्टा: आतला भाग कमी झुकलेला, बाहेरचा जास्त. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकच्या कारखान्यात बांधलेलं तेजस मार्क-१ए तिथूनच उडालं. मिगला निरोप दिल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता.

पण उतरण्याची खरी परीक्षा नौदलाच्या तेजसने दिली. विमानवाहू जहाजावर पट्टी दोन-तीनशे मीटरची, तीही हलणारी, आणि मागच्या दोराला हुक अडकवून थांबायचं. डेल्टासाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. म्हणून नौदलाच्या आवृत्तीत पंखाच्या मुळाशी, पुढच्या कडेला, हलणारे पत्रे लावले. त्यांना लेव्हकॉन म्हणतात. ते मुळाजवळचा भोवरा बांधतात आणि उतरतानाचा वेग कमी करतात. लँगलीची पट्टी, फक्त आता हलणारी आणि संगणकाच्या हुकमातली. गोव्यात आयएनएस हंसावर जहाजाची प्रतिकृती म्हणून जमिनीवरच उतार आणि दोर बांधले होते. तिथल्या उतारावरून डिसेंबर २०१४ मध्ये कमोडोर जयदीप मावळणकर यांनी विमान वर फेकलं. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथेच दोराला हुक अडकला. आणि ११ जानेवारी २०२० ला मावळणकरांनीच ते आयएनएस विक्रमादित्यच्या डेकवर उतरवलं. दुसऱ्या दिवशी तिथूनच ते उडालं.

नौदलाने हे विमान ताफ्यात घेतलं नाही. एका इंजिनात डेकवरून पुरेसा भार घेऊन उडणं जमत नव्हतं, हे त्यांनी आधीच, २०१६ साली, सांगितलं होतं. त्यावेळी काही वृत्तपत्रांनी सगळा खर्च पाण्यात गेला असं लिहिलं. मला ते पटत नाही. अॅव्हरो ७०७ ही कुणी ताफ्यात घेतलं नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-एम विमानांचा करार झाला. त्यांचेही पंख त्रिकोणीच आहेत, फक्त नाकाजवळ दोन छोटे पंख जास्त. दोन इंजिनांचं देशी नौदल विमान अजून कागदावर आहे, आणि त्याच्या आखणीत विक्रमादित्यवर जमवलेले आकडे वापरले जात आहेत.